काटकसरीला जर्मनमध्ये काय म्हणतात

कापूस यायला लागला की माझा घसा खवखवतो. डॉक्टर म्हणतात वय झालं. मी म्हणतो हंगाम आला. सेलूच्या मोंढ्याकडं, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराकडं, जाणाऱ्या रस्त्यावर आता बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर उभे असतात, पण कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरी पिसं तशीच अडकतात आणि दुपारच्या वाऱ्यात तशीच थरथरतात. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसतो. थकवा हल्ली सकाळी माझ्या आधी उठलेला असतो. वाचावंसं वाटत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. आठवणींना मात्र दार वाजवावं लागत नाही.

त्यातला एक हंगाम दरवर्षी येतो. हैदराबाद संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती आणि आम्हाला नुकतंच मुंबई राज्याला जोडलं होतं. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. आणि त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी मी एका जर्मन माणसासमोर बसून काटकसरीचे शब्द शोधत होतो.

माझं गाव बोरी. शिकलो परभणीला, उर्दूतून. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, मार खाताना माफी मागायची तीही उर्दूत. घरी आलं की मराठी. मग पोलीस ॲक्शन झाली, कचेऱ्यांवरच्या पाट्या उतरल्या, आणि ज्या भाषेसाठी हातावर छड्या खाल्ल्या होत्या ती एकदम कुणाच्याच कामाची राहिली नाही. तहसिलीतले म्हातारे कारकून शाळेतल्या पोरांसारखे देवनागरी गिरवत बसलेले मी पाहिलेत. काहींची मान वर व्हायची नाही. लाजेनं नव्हे, कंटाळ्यानं. माणसाला आयुष्यात किती वेळा नव्यानं बोलायला शिकायला लावावं, याला काही मर्यादा असावी असं त्यांच्याकडं बघून वाटायचं. मी तरुण होतो, तरीही तो कंटाळा मला लागला होता. तेवढ्यात जर्मन आली.

आली ती शेटजींच्या जिनिंगमध्ये. शेटजी मारवाडी, पण जन्म सेलूचाच. मराठी आमच्यासारखंच बोलायचे. मोठे भाऊ, ज्यांना ते भाईजी म्हणत, मुंबईत राहून पेढी सांभाळायचे. भाईजींनी जिनिंगसाठी जर्मनीहून नवं तेलाचं इंजिन मागवलं आणि त्यासोबत ते बसवणारा माणूस आला. नाव क्रामर. उंच, वाकलेला, केस कापसासारखेच. शेटजींचे मुनीम त्याला 'करमरकर' म्हणायचे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही. क्रामरला इंग्रजी मोडकंतोडकं येत होतं, शेटजींना मुळीच येत नव्हतं. शेटजी शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, शाळा सुटली की रोज इकडं येत जा. हा काय म्हणतो ते मला सांगायचं, मी काय म्हणतो ते ह्याला."

नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

जिनिंगचं आवार मला आता डोळे मिटूनही दिसतं. पटांगणात कापसाचे ढीग, त्यावर नाचणारी पोरं, आणि लांबट शेडमध्ये ओळीनं मांडलेले रेचे. रेचा म्हणजे सरकी एकीकडं आणि रुई एकीकडं करणारं यंत्र. प्रत्येक रेच्यासमोर एक बाई बसून मुठी मुठीनं कापूस घालायची. बायांच्या भुवया, पापण्या, नाकातली लव सगळं पांढरं व्हायचं. संध्याकाळी सुटी झाली की तरण्या पोरीसुद्धा म्हाताऱ्या होऊन बाहेर पडायच्या आणि हौदावर तोंड धुऊन पुन्हा तरण्या व्हायच्या. सरकीचा तेलकट वास, तापलेल्या पट्ट्याचा वास, शेडच्या टोकाला साडीच्या झोळीत निजवलेलं एखादं लेकरू. बायांची मुकादम गयाबाई. बुटकी, करड्या आवाजाची, वय विचारलं तर "निजामाच्या राज्यातलं" म्हणणारी.

भाईजींचे हुकूम मुंबईहून इंग्रजीत टाइप होऊन यायचे. मुद्दाम इंग्रजीत, क्रामरला समजावं म्हणून. पहिल्याच कागदात सगळा काटकसरीचा पाऊस होता. थ्रिफ्ट, इकॉनॉमी, फ्रुगल, वेस्टफुल. क्रामरकडं खिशात मावणारा शब्दकोश होता, त्याची मधली अर्धी पानं प्रवासात भिजून एकमेकांना चिकटली होती. म्हणून मी इंग्रजी शब्द वाचायचा, समजावून द्यायचा, आणि त्यानं त्याला साजेसा जर्मन शब्द आपल्या मनातून काढायचा. असं आमचं काम.

थ्रिफ्ट म्हटलं की माझ्या मनात आधी उर्दू यायचं, किफायतशारी. मग त्याच्या मागून मराठी काटकसर यायची. आणि मग मी पेटलेल्या कंदिलाची वात खाली करून दाखवायचो. क्रामर मान हलवायचा. "श्पारझाम," म्हणायचा. मग मी मूठ घट्ट आवळून, तोंड वाकडं करून चिक्कू माणूस दाखवायचो. तो हसायचा. "गाइत्सिग!" दोन शब्दांच्या मधली कुंपणं आम्ही अशी हातवाऱ्यांनी घालत होतो. कधी कधी वाटायचं, आम्ही दोघं मिळून एका माणसाइतकं तरी बोलतोय का?

एकदा तो एका ओळीपाशी अडला. भाईजींनी लिहिलं होतं की यंत्र नवं आलं की हॅण्ड्स कमी करावेत. क्रामरनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग स्वतःचे दोन्ही पंजे वर करून माझ्यासमोर धरले. "हेंड?" त्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाटलं, कुणाचे तरी हात तोडायचेत.

"नाही, नाही," मी म्हणालो. "हात म्हणजे माणसं. कामाची माणसं." आणि शेडकडं बोट केलं.

त्यानं शेडकडं पाहिलं. बाया रेच्यांवर वाकलेल्या होत्या. तो हात खाली घेईना. मी अर्थ सांगितला म्हणून त्याला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

प्रकरण असं होतं. इंजिनासोबत दुहेरी रुळांचे नवे रेचे आले होते. ते पेट्यांत बंद होते. नवं इंजिन पूर्ण भारावर चालायला लागलं की ते जोडायचे. मग तेवढ्याच कापसाला निम्म्याहून कमी बाया पुरल्या असत्या. हे भाईजींना माहीत होतं, शेटजींना माहीत होतं, क्रामरला माहीत होतं. आता मलाही कळलं. आणि बायांना कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनाही वास आला होताच.

गयाबाईनं मला हौदापाशी गाठलं. "मास्तर, खरं सांगा. आमाला काढायलेत का?"

"मला कुठं ठाऊक?"

"तुमाला न्हाई तर कुणाला? त्या गोऱ्याचं तोंड तुमीच हाव की." मग आवाज खाली केला. "माझी झेला गरवार हाय. मागल्या टायमाला आमी काम हुडकत परतूरच्या बाजूला निघालो व्हतो. वाटंतच मोकळी झाली. लेकरू ऱ्हायलं न्हाई. यंदा पुन्हा वाटंला लागायचं आसंल तर आत्ताच सांगा. मी तिला नवऱ्याकडं धाडती. तिथं बी खायाला न्हाई, पण छप्पर तरी हाय."

झेला तिची लेक. शेवटच्या रेच्यावर बसायची. लय बोलायची नाही. पोट टेकतं म्हणून थोडी तिरकी बसायची.

मी गयाबाईला काहीच सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी, तुटक्या इंग्रजीत आणि हातांनी, क्रामरला सगळं सांगितलं. वाट, लेकरू, परतूर, सगळं. का सांगितलं ते मला आजही नीटसं उमगत नाही. त्यानं काही करावं अशी अपेक्षा नव्हती. ओझं फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकायचं होतं. त्यानं ऐकून घेतलं, पाइप झाडला आणि शेटजींनी राहायला दिलेल्या बंगल्याकडं निघून गेला.

दोन-चार दिवसांनी शेटजी इंजिनघरात आले. "मास्तर, ह्याला विचारा, पूर्ण भारावर कधी घेणार? भाईजी घाई करायलेत."

मी विचारलं. आदल्याच दिवशी क्रामर इंजिनाला थोपटून मला म्हणाला होता की आता हे तयार आहे, घोड्यासारखं पळेल. आणि आता त्यानं फडक्याला हात पुसले, माझ्याकडं सरळ बघितलं आणि सावकाश म्हणाला, "नॉट येट. आइनलाउफेन." मग नवा बूट घालून चालल्यासारखं करून दाखवलं, लंगडत, हळूहळू.

मला कळलं. नवा बूट चावू नये म्हणून आधी थोडा थोडा घालतात, तसं नवं इंजिनही आधी कमी भारावर चालवतात. ते खरंच असतं. पण ते झालेलं होतं. तो खोटं बोलत होता, आणि ते खोटं माझ्या तोंडून बाहेर पडणार होतं.

शेटजी वाट बघत होते. कमिटीची बैठक जवळ आली होती आणि माझं नाव त्यांच्या हातात होतं.

"शेटजी," मी म्हणालो, "तो म्हणतो, अजून नाही. नवा बैल जसा एकदम नांगराला जुंपत नाहीत, आधी रुळवतात, तसं इंजिन रुळवावं लागतं. घाई केली तर फुटेल."

"किती दिवस?"

मी क्रामरला विचारलं. त्यानं आकाशाकडं पाहिलं, जणू तिथं उत्तर होतं, आणि खांदे उडवले.

"ते इंजिनावर आहे म्हणतो."

शेटजींनी इंजिनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाले. "तेल कमी लागतंय ना तोवर? भाईजींना तेवढं लिहितो."

ते गेले. क्रामरनं मला त्याच्या स्टुलावर बसवलं.

त्यानंतर सगळा हंगाम इंजिन रुळत राहिलं. आठवड्यातून एकदा शेटजी विचारायचे, आठवड्यातून एकदा क्रामर लंगडून दाखवायचा आणि मी नवे नवे दृष्टांत शोधायचो. लोणचं मुरावं लागतं. नवं मडकं आधी भिजवावं लागतं. नवी सून लगेच घर चालवत नाही. मला वाटायचं, आता पकडले जाऊ, आता जाऊ. शाळेत शिकवताना माझं लक्ष नसायचं. घरी जेवताना घास तोंडात फिरायचा. चांगलं काम करताना माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. मला तसं एक दिवसही वाटलं नाही. नुसती झोप यायची, बसल्या जागी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मी क्रामरला घरी जेवायला बोलावलं. माझी बायको इंदू जरा धास्तावली होती. काटा-चमचा नाही, टेबल नाही. तो मांडी घालून बसला, अवघडत, गुडघे छातीशी आले. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तीळगूळ. खाणं झाल्यावर ताटात भाकरीचे कण राहिले होते. ते त्यानं बोटाचं टोक ओलं करून एकेक टिपले आणि खाल्ले. ताट धुतल्यासारखं झालं.

इंदू आतून बघत होती. मला हळूच म्हणाली, "ह्यानं उपासमार काढलेली दिसते."

मी विचारलं नव्हतं, पण त्या दुपारी त्यानंच सांगितलं. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचा हिवाळा, तो तेव्हा शाळकरी पोर. गावात खायला नाही, जाळायला नाही. त्याच्या आईनं त्याच्या मेलेल्या वडिलांचा कोट उसवला, कापड उलटं केलं आणि विरलेली बाजू आत घालून पुन्हा शिवला, त्याच्यासाठी. खिसे उलट्या बाजूला आले. बटाट्याच्या साली उकळून त्याचं पाणी त्याला द्यायची आणि म्हणायची की मी आधीच जेवले. वसंत ऋतू आला तेव्हा ती राहिली नव्हती. "श्पारझाम," तो म्हणाला. मग इंग्रजीत म्हणाला, "टू मच."

मी हे इंदूला मराठीत सांगितलं. तिनं आतून आणखी एक भाकरी आणली आणि त्याच्या ताटात वाढली. पोट भरलंय असं तो खुणेनं सांगत होता. ती तिथंच उभी राहिली. "खाऊ द्या म्हणावं," ती मला म्हणाली. "हे सांगायला जर्मन लागत नाही." त्यानं ती भाकरी खाल्ली.

माघात झेला बाळंत झाली. जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर गयाबाईची खोपटी होती, तिथं. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी गयाबाईनं शेडमधल्या सगळ्या बायांना गूळ वाटला, मुनिमांना दिला, मला दिला. मग एक खडा घेऊन इंजिनघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत जायला लाजत होती. क्रामर बाहेर आला. तिनं त्याच्या तळहातावर गूळ ठेवला. "नातू झाला म्हणून सांगा," ती मला म्हणाली. मी सांगितलं. त्याच्या हाताला काळं तेल लागलं होतं, गुळालाही लागलं. त्यानं तो तसाच तोंडात टाकला.

तिला काही माहीत नव्हतं. आम्ही तिला कधीच सांगितलं नाही.

होळीच्या आसपास कापूस संपला. रुईची शेवटची गठाण स्टेशनवर गेली त्या दिवशी क्रामरनं इंजिन पूर्ण भारावर घेऊन दाखवलं. शेडचे पत्रे दणाणले. शेटजींनी त्याला शाल दिली, पेढे दिले. तो आवरायला बंगल्यावर गेला आणि शेटजींनी मला थांबवून घेतलं. चहा मागवला. बशीत ओतून फुंकत म्हणाले,

"मास्तर, इंजिन रुळायला इतके महिने लागत नाहीत."

मी कप खाली ठेवला.

"मानवतच्या एका जिनवाल्याकडं असंच इंजिन आहे. त्यानं मला दिवाळीनंतर लगेच सांगितलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "मी बोललो असतो तर भाईजींना लिहावं लागलं असतं. लिहिलं असतं तर बाया काढाव्या लागल्या असत्या, ऐन हंगामात. भाईजी मुंबईला राहतात. मला इथल्या बाजारातून पायी घरी जावं लागतं." चहा प्यायले. "ती गयाबाई माझ्या आईच्या बाळंतपणाला होती. पण पुढच्या वर्षी माझ्या हातात काही नाही. नवे रेचे जोडणारच. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

म्हणजे मी एवढे महिने ज्या माणसाला भीत होतो, तोही आमच्याबरोबरच गप्प बसला होता. आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं दमल्यासारखं झालं. तिघं जण, तीन भाषा, आणि सगळ्यांनी मिळून एवढंच जमवलं. एक हंगाम.

नोकरी त्या उन्हाळ्यात कायम झाली. क्रामर गेला. स्टेशनवर त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. काही म्हणाला, जर्मनमध्ये, लांबलचक. मी अर्थ विचारला नाही. त्यानंही सांगितला नाही.

पुढच्या दसऱ्याला नवे रेचे सुरू झाले. शेडमध्ये मोजक्या बाया राहिल्या, सगळ्या तरण्या. एका सकाळी मी शाळेच्या कामासाठी परभणीला निघालो होतो तर स्टेशनवर गयाबाई दिसली. सोबत झेला, झेलाचा नवरा, आणि आणखी दहाबारा माणसं, गाठोडी, तवा, दोन कोयते पोत्यात गुंडाळलेले. झेलाचं पोर फलाटावर पालथं पडून मुंग्या बघत होतं. चांगलं गुटगुटीत.

"कुठं?" मी विचारलं.

"नगराकडं. ऊस तोडायला. टोळी जायलीय. मनमाडाहून पुढं म्हनं." ती माझ्याकडं बघत नव्हती, रुळांकडं बघत होती. "जिनात आता आमचं काय काम न्हाई."

मला सांगावंसं वाटलं. इंजिन, बूट, बैल, सगळं. तोंड उघडलंही. पण सांगून तिला काय मिळणार होतं? मिळालं असतं ते मलाच.

"लेकराला जपा," एवढंच म्हणालो.

"जपतो की." मग थोडं थांबून, काहीतरी अडचण आठवल्यासारखं तिनं विचारलं, "मास्तर, तिकडं भाषा कोंची बोलत्यात?"

"मराठीच. आपलीच."

तिचा चेहरा जरा सैल झाला. गाठोडं पायाशी ओढलं आणि त्यावर टेकून बसली.

"मंग बरं हाय," म्हणाली.